टोरोंटोला आल्या आल्या आठ लाखांचं घर घ्यावं का?

दादा, तुम्ही लिहिलंय की पीआर (कॅनडात कायम राहायची परवानगी) आलाय, दोघंही आयटीत, मुलगी ३ वर्षांची, दुसऱ्या बाळाचा विचार आहे आणि पुण्यातला फ्लॅट तसाच ठेवून इथे कमीत कमी डाउन पेमेंटवर ८ लाख डॉलरचं घर घ्यायचंय, भाड्यात पैसे का घालवायचे म्हणून. आम्ही बरीच वर्षं टोरोंटोशेजारच्या मिसिसागात आहोत, आणि मला विचाराल तर निदान पहिलं वर्ष भाड्यानेच राहा.

८ लाखांवर कमीत कमी डाउन पेमेंट ५५ हजार. २० टक्क्यांच्या खाली भरलं की मॉर्गेज इन्शुरन्स (कर्ज बुडलं तर बँकेला भरपाई देणारा विमा) सक्तीचा, तो २९,८०० होतो आणि कर्जातच मिळवतात, पण त्यावरचा ऑन्टारिओ प्रांताचा ८ टक्के टॅक्स मात्र रोख. लँड ट्रान्सफर टॅक्स (घर नावावर होताना भरायचा प्रांताचा कर) १२,४७५, आणि घर टोरोंटो शहराच्या हद्दीत असेल तर तेवढाच अजून एकदा! पहिलं घर घेणाऱ्यांना यात सूट असते पण तुमच्या नावावर पुण्यात फ्लॅट आहे ना, मग नाही मिळणार, जगात कुठेही स्वतःचं घर असलं तरी ती जाते.

साडेचार टक्के व्याज आणि २५ वर्षं धरली तर हप्ता ४,३०० च्या आसपास, वर प्रॉपर्टी टॅक्स, हीटिंग, गाडीचा इन्शुरन्स. दोन चांगले पगार असले की बँक स्ट्रेस टेस्टला (व्याज वाढलं तरी हप्ता झेपेल का, ही तपासणी) दोन टक्के वाढीव दर लावूनसुद्धा कर्ज देईल, पण तिच्या हिशोबात तुमचं दुसरं बाळ कुठेच नसतं. बाळंतपणाच्या रजेत वहिनींना ईआयमधून (सरकारी रोजगार विमा) पगाराच्या ५५ टक्के मिळतील, पण त्याला वरची मर्यादा आहे, २०२५ मध्ये आठवड्याला ६९५ डॉलर, म्हणजे पगार कितीही असो महिन्याला ३,००० च्या आसपास आणि त्यातूनही टॅक्स जातो. शिवाय आधीच्या वर्षभरात ६०० तास काम झालेलं लागतं, त्यामुळे नोकरी लागल्या लागल्या तेही नाही. काही कंपन्या त्यावर स्वतःकडून टॉप-अप म्हणून जास्तीचे पैसे देतात, ऑफर लेटर घेतानाच विचारून घ्या, लाजू नका.

म्हणून घराचा आकडा ठरवताना तुमचा पूर्ण पगार आणि वहिनींचा ईआय एवढंच धरा. त्यात किराणा, डेकेअर (सरकारी सवलतीच्या स्कीममधल्या सेंटरला दिवसाला जास्तीत जास्त २२ डॉलर, पण वेटिंग लिस्ट मोठी, आल्याबरोबर नाव घाला) आणि हप्ता बसला तर घ्या. भाड्याने राहताना भाडं आणि ४,३०० यातला फरक दर महिन्याला वेगळ्या अकाउंटला टाकत जा, ओढाताण होते का ते सहा महिन्यांत कळेल, आणि डाउन पेमेंटही वाढेल.

चार बेडरूमचा हट्ट नका धरू, तीनची टाउनहाउस (शेजारच्या घराला भिंत लागून असलेलं मजली घर) पुरते. फक्त आई-बाबा येऊन राहणार असतील तर जिने मोजा. बऱ्याच टाउनहाउसमध्ये खाली नुसतं टॉयलेट असतं, आंघोळीला वरच जावं लागतं, गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते रोज जमत नाही.

तुमचं ऑफिस नक्की कुठे आहे ते कळवा, त्यावरून एरिया सांगते. मिल्टन स्वस्त पडेल म्हणून सगळे तिकडे बघतात, पण त्या लाइनची गो ट्रेन (इथली लोकल) सकाळी शहराकडे आणि संध्याकाळी परत एवढीच, तीही कामाच्या दिवशी.