कार्ड कुणाचं होतं?

प्रश्न : मी 61 वर्षांची, निवृत्त शिक्षिका, राहणार सोलापूर. पाचवीत असताना फास्टर फेणे, म्हणजे पुस्तकातला फुरसुंगीचा बनेश फेणे, हाती लागला, तो आजतागायत सुटलेला नाही. भाजी निवडतानाही बनेश डोक्यात असतो. पुण्याला जाताना हडपसर आलं की मी अजून फुरसुंगीच्या दिशेला बघते. लहानपणी आम्ही भिंतीला तोंड लावून त्याच्यासारखं ‘ट्टॉक्’ करायचो. सगळी पुस्तकं जपून ठेवलीत. पहिलं तर वाचनालयाचंच आहे, शेजारच्या मैत्रिणीच्या कार्डावर आणलेलं, द्यायचं राहून गेलं. ती आता विडी घरकुलात असते म्हणे. मिस्टर म्हणतात, नातवंडं झाली, आता पुरे. सूनबाई हसते. हे वेड कसं घालवू?
– बनेशची बहीण

ताई,

घालवू नका. मिस्टरांना म्हणू द्या, सूनबाईंना हसू द्या. लंडनच्या बेकर स्ट्रीटवर शेरलॉक होम्सच्या नावाने इतकी पत्रं यायची की तिथल्या एका संस्थेने उत्तरं द्यायला वर्षानुवर्षं सेक्रेटरी ठेवली होती. तुम्ही निदान फुरसुंगीला पत्र टाकलेलं नाही. भा. रा. भागवतांनी पोरगा रंगवलाच असा की तो घरातला वाटावा. तो विषय इथेच संपला.

आता कार्डाचं बोलू.

तुमचं मूळ पत्र चार पानांचं. त्यात सगळीकडे ‘मी’. मी वाचलं, मी जपलं, मी रडले. एकाच ठिकाणी ‘आम्ही’ आलंय, त्या भिंतीपाशी. पलीकडून ‘ट्टॉक्’ कोण करायचं, ताई? बनेश तर नक्कीच नाही.

घरकुलात असते म्हणजे घरात विड्यांचं काम असणार. सोलापूरजवळच्या कुंभारीची ती दहा हजार घरं विडी कामगार बायकांसाठीच उभी राहिली. म्हणजे त्या भिंतीपलीकडे तिची आई मांडीवर सूप घेऊन हजार विड्या पुऱ्या करत बसलेली, शेजारी ही पानं कातरत, आणि त्यातून वेळ काढून हिने वाचनालयाचं कार्ड काढलेलं. पुस्तक परत आलं नाही की काय होतं, ते तुम्ही शिक्षिका असून मी सांगायला हवं? अनामत जाते, कार्ड बंद होतं. तुमच्या घरी त्या अनामतीचं कुणाला काही वाटलं नसतं. तिच्या घरी त्यावरून तिला बोलणी बसली असतील, कदाचित मारही. आणि पुढचा फास्टर फेणे तिला कुणी दिला? तुम्ही दिलात? पत्रात तसं काही नाही, आणि दिला असतात तर तुम्ही ते नक्की लिहिलं असतंत.

पुस्तकातल्या पोरासाठी पन्नास वर्षं जीव टाकलात. भिंतीपलीकडच्या पोरीला अर्धं वाक्य. त्यातही ‘राहून गेलं’. दूध तापवायचं राहून जातं, ताई. हे तुम्ही ठेवून घेतलंत.

मला राग आलाय, हे लपवत नाही. माझ्याही कपाटात असं एक पुस्तक होतं, दुसऱ्याचं नाव घातलेलं. परत करायला गेले तेव्हा ज्याचं होतं तो माणूस उरला नव्हता. त्याच्या मुलाने ते घेतलं आणि टीव्हीवर ठेवून दिलं. तो टीव्ही मला अजून दिसतो.

तुमची मैत्रीण आहे. पत्ता अर्धा का होईना, ठाऊक आहे. येत्या रविवारी ते पुस्तक घ्या. नवी प्रत विकत घेऊन नेऊ नका, तीच न्या, शिक्क्यासकट. वाचनालयात नंतर जा, दंड भरायचा तो भरा, आधी तिच्याकडे. अक्कलकोट रस्त्याने कुंभारीला जायचं, तिथे गेल्यावर विचारत विचारत. घरं एकसारखी आहेत, दोन-चार दारं चुकतील, चुकू द्या. बरोबर शेंगाचटणी, साडी, मिठाई काही नको; देणं फेडायला गेलेल्या बाईने आहेर नेऊ नये. सूनबाईला तर मुळीच नेऊ नका.

काय बोलायचं ते पाठ करून जाऊ नका. तुम्ही शिक्षिका लोक माफीचंही भाषण करता.

दार सापडलं की कडी वाजवू नका. जीभ टाळूला लावा.

– मावशी