सायकलस्वाराच्या कानाला रस्ता ऐकू यायला हवा

प्रश्न : मी रोज सकाळी साधारण दीड तास सायकल चालवतो आणि त्यातला बराचसा रस्ता रहदारीचा आहे. आजवर मी कानात घट्ट बसणारे इअरबड वापरत होतो. मागच्या आठवड्यात एक मोटार अगदी हाताच्या अंतरावरून निघून गेली, तरी ती शेजारी येईपर्यंत मला तिची चाहूलही लागली नव्हती. आता नवे हेडफोन घ्यायचे आहेत. नॉइज कॅन्सलेशनचे चांगले इअरबड घेऊन त्यांतील बाहेरचे आवाज ऐकू देणारी सोय वापरावी, की बोन कंडक्शनचे, म्हणजे हाडांतून आवाज पोहोचवणारे हेडफोन घ्यावेत?

उत्तर : त्या प्रसंगाने आपण सावध झालात, हे फार बरे झाले. सायकलस्वाराला मागचे दिसत नाही. मागून येणाऱ्या वाहनाची पहिली वर्दी त्याला कान देतात, आणि तीही बहुधा हॉर्नने नव्हे, तर रस्त्यावर घासणाऱ्या टायरच्या आवाजाने मिळते. त्यामुळे गाणे किती छान ऐकू येते, हे पाहण्याआधी ते साधन कानाशी असताना रस्ता किती ऐकू येतो, हे पाहिले पाहिजे. दुकानात बसून ऐकल्यावर सर्वांत सरस वाटणारे हेडफोन सायकलवर सर्वांत गैरसोयीचे ठरू शकतात, ते याच कारणाने.

नॉइज कॅन्सलेशनमध्ये बाहेरचा आवाज मायक्रोफोनने टिपून त्याच्या नेमकी उलटी ध्वनिलहर कानात सोडली जाते. ही युक्ती खालच्या पट्टीतल्या, सलग चालणाऱ्या आवाजांवर सर्वांत चांगली चालते. इंजिनाची घरघर आणि टायरचा घोष हे नेमके तसलेच आवाज असल्यामुळे, जे ऐकू यायला हवे तेच आधी पुसले जाते. विमानात किंवा आगगाडीत ही सोय सुखाची असली, तरी सायकलवर ती बंदच ठेवावी.

बाहेरचे आवाज आत सोडणाऱ्या सोयीविषयी मात्र थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण पुष्कळ जण तिच्यावर विसंबून राहतात. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे दोन्ही कानांपर्यंत तो पोहोचण्याच्या वेळेतील फरकावरून आणि त्याच्या कमीअधिक तीव्रतेवरून मेंदू ठरवतो. वेळेतील हा फरक एक मिलिसेकंदाहूनही कमी असतो. पण आवाज पुढून आला की मागून, हे ओळखायला बाह्यकर्णाच्या घड्या उपयोगी पडतात, कारण त्या घड्यांवरून परावर्तित होताना आवाजाचा पोत दिशेनुसार किंचित बदलतो. इअरबड कानाच्या तोंडाशी बसला, की हे नैसर्गिक काम बिघडते आणि मायक्रोफोनमधून आलेल्या आवाजात ती खूण पुरतेपणी उरत नाही. वाहन येते आहे हे कळते, पण ते कुठून येते आहे हे तितके स्पष्ट कळत नाही. शिवाय वेगाने जाताना वारा थेट मायक्रोफोनवर आदळतो आणि कानात नुसता घोंघाट भरतो. आणखी एक गोष्ट अशी, की बॅटरी संपताच हे सारे बंद पडते आणि कानात उरतो तो फक्त बोळा.

म्हणून रहदारीच्या रस्त्यासाठी माझे मत बोन कंडक्शनच्या बाजूने आहे. या हेडफोनचे दोन लहान कंपक कानाच्या पुढे, गालाच्या हाडावर टेकतात. त्यांची कंपने कवटीच्या हाडांतून थेट अंतर्कर्णापर्यंत जातात आणि कानाचे छिद्र पूर्ण मोकळे राहते. उदाहरणच द्यायचे, तर शॉक्झ कंपनीच्या ओपनरन या मॉडेलचे वजन २६ ग्रॅम असून एकदा चार्ज केल्यावर ते ८ तास चालते, असे कंपनी सांगते. म्हणजे दीड तासाच्या फेरीला अशा साधनाचे ओझेही होत नाही आणि बॅटरीची चिंताही राहत नाही. त्याच्या उणिवाही जाणून घ्याव्यात. तबल्याच्या बायाँसारखे खर्जातले नाद यात फिके वाटतात आणि आवाज फार वाढवला, तर कानशिलापाशी गुदगुल्या होतात. कानात बोळे घातले की खर्ज भरीव वाटू लागतो, म्हणून काही जण तसे करतात. सायकलवर तसे कदापि करू नये, कारण कान मोकळा राहावा म्हणूनच तर आपण हे साधन घेत आहोत.

कानाबाहेर छोटे स्पीकर टांगणारे, हवेतून आवाज देणारे उघड्या धाटणीचे इअरबडही मिळतात. त्यांत संगीत अधिक गोड लागते, परंतु वाऱ्याच्या आवाजात ते लवकर बुडून जाते. सावकाश आणि शांत रस्त्याने जाणाऱ्याला ते चालतील.

आता सर्वांत महत्त्वाचे. कान उघडा असला, म्हणजे रस्ता आपोआप ऐकू येतो असे नाही. कंपने हाडांतून आली काय किंवा हवेतून आली काय, शेवटी पोहोचतात ती त्याच अंतर्कर्णात, आणि तिथे मोठे गाणे टायरच्या बारीक आवाजाला झाकून टाकतेच. सायकलचा वेग वाढला, की कानाशी वाऱ्याचा आवाज झपाट्याने वाढतो. गाणे ऐकू येईनासे होते आणि हात नकळत आवाज वाढवायला जातो. इथेच घात होतो. आवाज उभे असतानाच ठरवावा. शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे साधे बोलणे गाण्यातूनही समजेल इतकाच ठेवावा, आणि वाटेत तो वाढवू नये. वाऱ्यात गाणे बुडाले, तर बुडू द्यावे. माझा स्वतःचा पर्याय गाण्याऐवजी केवळ मार्ग सांगणाऱ्या सूचना ऐकण्याचा आहे, कारण त्या क्षणभर बोलून थांबतात आणि कान पुन्हा रस्त्याला मोकळे होतात.

हाडांतून ऐकल्याने कानांना इजा होत नाही, हाही एक गैरसमज आहे. अंतर्कर्णातील नाजूक रोमपेशी दोन्ही प्रकारांत त्याच असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावा. त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. आपल्या रोजच्या दीड तासाचे आठवड्याचे साडेदहा तास होतात, म्हणजे ८६ डेसिबलच्या आसपासच आपली मर्यादा संपते आणि वाऱ्यावर मात करू पाहणारा आवाज ती सहज ओलांडू शकतो.

प्रश्न : एकाच कानात इअरबड घातला, तर दुसऱ्या कानाने रस्ता ऐकू येतो, असे माझी मैत्रीण म्हणते. हे सुरक्षित आहे का? आणि कायद्याला ते चालते का?

उत्तर : दोन्ही कान बंद करण्यापेक्षा हे नक्कीच बरे, पण दोन्ही कान मोकळे ठेवण्याइतके चांगले नाही. वर सांगितल्याप्रमाणे दिशा कळते ती दोन कानांच्या तुलनेतून. एक कान बुजवला, की ती तुलनाच अधुरी राहते. तरीही असे करायचेच असेल, तर ज्या बाजूने वाहने पुढे जातात तो कान मोकळा ठेवावा आणि फोनमध्ये आवाज मोनो करावा, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र ऐकू येईल, नाहीतर गाण्याचा अर्धा भाग ऐकूच येणार नाही आणि तो ऐकू यावा म्हणून आपण आवाज वाढवत राहाल.

कायदा मात्र देशोदेशी वेगळा आहे. फ्रान्समध्ये १ जुलै २०१५ पासून सायकल चालवताना कानाला इअरफोन किंवा हेडफोन लावण्यास बंदी आहे, एकाच कानात असला तरीही, आणि त्याचा दंड १३५ युरो आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात दोन्ही कान झाकण्यास मनाई आहे, एका कानाला मुभा आहे. जर्मनीत सरसकट बंदी नाही, पण ऐकण्यात अडथळा येता कामा नये अशी अट आहे. आपण जिथे सायकल चालवता तिथला नियम खरेदीपूर्वी पाहून घ्यावा.

आणखी एक गोष्ट आपल्या मैत्रिणीला अवश्य सांगा. विजेच्या मोटारीला कमी वेगात इंजिनाचा आवाज नसतो. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या १३८ क्रमांकाच्या नियमानुसार अशा गाड्यांनी ताशी २० किलोमीटरपर्यंतच्या वेगात कृत्रिम आवाज करायचा असतो. त्यापुढे टायरचा आवाज पुरेसा असतो असे धरले आहे. हे दोन्ही आवाज हळुवार असतात. आणि शेजारून पुढे जाणारी दुसरी सायकल तर जवळपास निःशब्दच असते.

प्रश्न : हेल्मेट, चष्मा आणि पाऊस या तिन्हींशी जुळणारे हेडफोन कोणते?

उत्तर : मानेमागून जाणारी पट्टी हेल्मेटच्या मागच्या घट्ट करायच्या चकतीला अडकते का, हे आपले हेल्मेट डोक्यावर घालून आणि मान मागे वळवूनच पाहावे; न पाहता घेतलेल्या हेडफोनची तक्रार बहुधा इथूनच सुरू होते. आधी हेडफोन, मग हेल्मेट आणि शेवटी चष्मा, हा क्रम सोयीचा पडतो, म्हणजे चष्मा काढताना बाकीचे हलत नाही. हेल्मेटचा पट्टा कंपकावर दाबून बसू देऊ नये. मोठे, कान झाकणारे हेडफोन हेल्मेटखाली नीट बसत नाहीत आणि हेल्मेटची पकडही बिघडवतात, त्यामुळे त्यांचा विचार सोडून द्यावा.

पाण्यासाठी खोक्यावरील आयपी क्रमांक पाहावा. त्यातील पहिला अंक धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. एक्स असेल, तर त्या बाबतीत मानांकन दिलेले नाही असे समजावे. आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे सोसणारे. घामाला आणि रिमझिम पावसाला तेवढे पुरते. दुसरा अंक ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारे. हे मानांकन साध्या पाण्याचे आहे, खारट घामाचे नाही, म्हणून फेरीनंतर ओल्या फडक्याने पुसून, पुरते कोरडे झाल्यावरच चार्जिंगला लावावे. बटणे दाबायची असावीत, कारण स्पर्शाची बटणे हातमोज्यांनी आणि पावसाच्या थेंबांनी गोंधळतात.

प्रश्न : माझ्या वडिलांना कमी ऐकू येते. ते सायकल चालवतात. बोन कंडक्शनचा त्यांना उपयोग होईल का?

उत्तर : दोष बाह्य किंवा मध्यकर्णात असेल, तर हाडांतून आलेला आवाज त्यांना चांगला ऐकू येऊ शकतो. दोष अंतर्कर्णात किंवा श्रवणचेतेत असेल, तर फारसा फरक पडत नाही. कोणता दोष आहे, हे ऑडिओमेट्रीच्या, म्हणजे ऐकण्याची क्षमता मोजणाऱ्या तपासणीत कळते. ती आधी करून घ्यावी. मात्र या साधनाने त्यांना गाणे ऐकू येईल, मागची मोटार नाही. त्यांच्या सायकलच्या हँडलला मागचे दाखवणारा आरसा आजच बसवून घ्यावा, हेडफोनचे नंतर पाहता येईल.