खेकड्याचा जबडा चालवतो कोण?

प्रश्न : खेकडा खाताना त्याचे जबडे डावी-उजवीकडे हलताना दिसले. त्यांच्यावर ताबा मेंदूचा असतो का?

उत्तर : निरीक्षण अगदी बरोबर आहे. खेकड्याचे जबडे आडवे मिटतात. काचेच्या टाकीत तो समोरून घास धरेल तेव्हा नीट पाहा: बाहेरचे पायासारखे अवयव तुकडा धरून ओढतात आणि आतले दोन कठीण जबडे तो दाबून ठेवतात. मिटवणारे स्नायू दणकट, उघडणारे त्यामानाने किरकोळ.

या स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मेंदूत नसून अन्ननलिकेखालच्या चेतागुच्छात, म्हणजे चेतापेशींच्या गाठीत, असतात. आपल्या एकेका स्नायूला शेकडो चेतापेशी लागतात, खेकड्यासारख्या कवचधारी प्राण्यांचं काम मोजक्याच पेशींवर भागतं. चावा हलका की जोरकस, हे मुख्यतः संदेश किती भराभर येतात यावर ठरतं.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते पुढचं. खरं दळण जठरात होतं, तिथे तीन दात असतात! त्यांची लय साधारण 30 चेतापेशींचा गुच्छ सांभाळतो. शरीराबाहेर काढून योग्य द्रावणात ठेवला, तरी तो तालबद्ध संदेश देत राहतो.