चर्चच्या तळघरातलं १६ मिमी रीळ: लावण्याआधी हे बघा

अमेरिकेतल्या एखाद्या चर्चच्या तळघरातून १९५०च्या दशकातलं १६ मिमी रीळ हाती आलं, तर प्रोजेक्टरवर चढवायची घाई करू नका. आधी डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर अ‍ॅसिटेट (फिल्मचं मूळ प्लास्टिक) कुजायला लागलंय. असं रीळ वेगळं ठेवा, त्याची वाफ शेजारच्या रिळांनाही बाधते.

मग आकसणं मोजा. १०० फ्रेम टेबलावर न ताणता सपाट पसरा. लांबी ७६२ मिमीच्या आसपास हवी. ७५६च्या खाली असेल, तर प्रोजेक्टरचे दाते फिल्मच्या काठावरची छिद्रं फाडू शकतात. दातेरी चाक नसलेल्या स्कॅनरवरच द्या.

काठावरची कोडॅकची चौकोन-त्रिकोण-वर्तुळं कच्ची फिल्म कारखान्यात बनल्याचं साल सांगतात, चित्रपटाचं नव्हे. शिवाय ती खूण दर २० वर्षांनी पुन्हा येते, त्यामुळे फसायला होतं! श्रेयनामावली जास्त भरवशाची.

१९६४पूर्वी अमेरिकेत प्रकाशित झालेल्या चित्रपटाच्या कॉपीराइटचं २८व्या वर्षी नूतनीकरण झालं होतं का, ते तपासल्याशिवाय यूट्यूबवर टाकू नका. गाण्यांचे हक्क वेगळे असू शकतात. आणि स्कॅन झालं म्हणून मूळ रीळ टाकून देऊ नका. थंड, कोरड्या जागी, हवा खेळेल अशा डब्यात आडवं ठेवा.