५२व्या वर्षी मुंबईत अकाउंट्सची नोकरी गेली. नवीन कशी शोधू?

मी ५४व्या वर्षी यातून गेलोय. पोर्टलवर ढिगाने अर्ज टाकले, एक फोन नाही. काम मिळालं ते जुन्या ऑडिटरना चहाला भेटल्यावर; भिवंडीच्या एका गोदामाचं जीएसटीचं काम त्यांच्याकडे तुंबलं होतं. तेव्हा आधी फोनमधली जुनी नावं काढा: सीए, सप्लायर, बँकेतले. बायोडेटात शेवटची १२ वर्षं पुरे, जन्मतारीख कशाला हवी? हाउसिंग सोसायट्यांचे हिशेब लिहिणं हेही मुंबईत बरं काम (कमिटीच्या भांडणात मात्र पडू नका). आणि घाबरून पीएफची पेन्शन लगेच सुरू करू नका. १० वर्षं नोकरी झाली असेल तर पन्नाशीनंतर मिळते खरी, पण ५८ला जितकी वर्षं कमी, तितक्या वर्षांचे दरसाल ४ टक्के कापतात, तेही कायमचे.