स्मरणसभेत आईविषयी काय बोलू?

"आई चर्चच्या सगळ्या मंडळीची होती. तिच्याविषयी मी वेगळं काय बोलणार?" स्मरणसभेची तारीख ठरली की हा प्रश्न घेऊन बरेच जण माझ्याकडे येतात. त्यात मुलीच जास्त. आईनं आयुष्यभर संडेस्कूल चालवलेलं, आजाऱ्यांच्या उशाशी बसून प्रार्थना केलेली, कुणाकुणाच्या शाळेची फी भरलेली. पण मुलगी बोलायला उभी राहिली की घशात काहीतरी अडकतं. ते दरवेळी दुःखच असतं असं नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका ताईंचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ताईंनी चार पानं लिहून आणली होती. प्रेमळ, सेवाभावी, प्रार्थनाशील, त्यागमूर्ती.

"यातलं कुठलं वाक्य फक्त तुमच्याच आईला लागू पडतं?"

त्यांनी पानं उलटसुलट चाळली. "एकही नाही."

मग आम्ही विशेषणं खोडली आणि आई काय काय करायची, ते लिहून काढलं. मंगळवारी बायकांची प्रार्थना घ्यायची. बाळंतिणीला डबा पोचवायची. ऊसतोडीच्या हंगामात कोपीवर, म्हणजे तोडणी कामगारांच्या झोपड्यांवर, जाऊन तिथल्या पोरांना अक्षरं गिरवायला लावायची.

"तेव्हा घरचं कोण बघायचं?"

"मी. सातवीपासून भाकरी मीच थापायचे. माझा दहावीचा निकाल लागला त्या दिवशीही ती कोपीवरच होती. हे चर्चमध्ये कसं सांगू?"

गाठ इथं होती. मी एवढंच म्हटलं, "घरात भाकरी थापली जात होती, म्हणून आईला कोपीवर जाता आलं."

ताई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या कामात मीपण होते?" आणि थोड्या वेळानं, "पण निकालाचं अजून दुखतं हो."

"दुखू द्या. दोन्ही खरं आहे."

इतक्या जणांचं ऐकल्यावर माझं मत पक्कं झालंय. शोकात नातं संपवायचं नसतं, ते नव्यानं मांडायचं असतं; आणि ते देव्हाऱ्यातल्या मूर्तीशी मांडता येत नाही. आईला संत करून टाकलं की मुलीला स्वतःची साधी तक्रारही पाप वाटायला लागते. ती तक्रार ऐकली गेली की कौतुक आपसूक मोकळं होतं. हे घडताना बघणं हा माझ्या कामातला सगळ्यात मोठा आनंद आहे.

विशेषणांऐवजी केलेलं काम दाखवणं बायबलमध्येही दिसतं. प्रेषितांची कृत्ये 9:36-42 मध्ये यापो गावची सेवाभावी शिष्या दुर्कस मरण पावते, तेव्हा विधवा रडत पेत्राला तिनं केलेले अंगरखे आणि वस्त्रं दाखवतात. तुम्हीही दाखवा. फक्त सत्कृत्यं सांगितली तर विश्वास मागे पडेल अशी शंका पाळकांना आली, तर इफिसकरांस 2:8-10 एकत्र वाचा. तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेनं, आणि सत्कृत्यं त्यानंतर त्याच कृपेतून, हा क्रम तिथं स्पष्ट आहे.

पाच मिनिटांचं बोलणं म्हणजे संथ लयीत साधारण 500 शब्द. त्यात तीनच प्रसंग घ्या. प्रत्येकात जागा, माणूस आणि आईनं हातानं केलेलं काम येऊ द्या. एक प्रसंग घरातला हवाच. जन्म, शिक्षण, लग्न, नोकरी हे छापील पत्रिकेत टाका, नाहीतर अर्धा वेळ त्यातच जातो आणि आई राहून जाते. कुणाचं कर्ज, आजार किंवा गरिबी सांगायची असेल तर त्या माणसाला आधी विचारा. परवानगी नसेल तर "एक शेजारीण" एवढंच म्हणा. मदत घेतलेल्या माणसाला भरसभेत खाली बघायला लागलं, तर आईच्या सेवेचाच अपमान होतो.

तक्रार एका वाक्यात, मधल्या प्रसंगात. सुरुवातीला आली तर पुढचं कुणी ऐकत नाही, शेवटी आली तर लोक तेवढीच घरी नेतात. जमिनीचे, भावंडांचे वाद तिथं आणू नका. ताई बोलल्या ते असं: "आई कोपीवर जायची, भाकरी मी थापायचे. ती सेवा आम्हा दोघींची होती. निकालाच्या दिवशी मात्र मला ती घरी हवी होती."

कागद मोठ्या अक्षरांत छापा, दुसरी प्रत भावंडाच्या हातात द्या. रडू आलं तर ओळीवर बोट ठेवून थांबा, पाणी प्या. आवाज फुटलाच नाही तर भावंड तिथूनच पुढे वाचेल. वसईकडच्या कॅथलिक कुटुंबांनी धर्मगुरूंशी आधी बोलून घ्यावं. अंत्यविधीच्या मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) प्रवचन धर्मगुरूंचं असतं. घरच्यांना बोलायचं असल्यास ते कम्युनियननंतरची (पवित्र भाकर घेतल्यानंतरची) प्रार्थना झाल्यावर, थोडक्यात. तिथं तीनऐवजी एकच प्रसंग निवडा.