गल्ला ‘फोडायचा’ की ‘उघडायचा’?

प्रश्न असा आहे: मातीच्या गल्ल्यातले साठवलेले पैसे काढतात तेव्हा ‘गल्ला फोडला’ म्हणावं की ‘उघडला’? आणि न फोडताच नाणी काढली तर काय म्हणायचं?

मातीच्या गल्ल्याला ‘फोडणे’च. त्याला झाकण नसतं, बूच नसतं, वर एक फट तेवढी असते. उघडण्यासारखं काही नसताना ‘उघडला’ म्हटलं तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पत्र्याचा कुलूपवाला डबा किंवा खाली बूच असलेली प्लास्टिकची पिगी बँक येते. तिथे ‘उघडणे’ योग्य आहे.

‘फोडणे’ काहींना अशुभ वाटतं. पण मराठीला जिथे फुटणं बोलायचं नसतं तिथे ती ‘वाढवणे’ वापरते: नारळ वाढवला, बांगडी वाढवली. ‘गल्ला वाढवला’ मात्र कुणी म्हणत नाही. फुटणं हाच त्याचा शेवट ठरलेला असल्यामुळे तो शब्द टाळायची गरज पडली नसावी. दिवाळीच्या सुमाराला ‘भिशी फुटते’ तीही आनंदाचीच. बँकेतली मुदतठेव मात्र आपण ‘मोडतो’; मुदतीआधी हात घातल्याची हळहळ त्या शब्दात आहे.

सावध राहायचं ते दुकानाच्या बाबतीत. दुकानाचा गल्ला म्हणजे रोकड ठेवायचा खण, आणि ‘गल्ला फोडला’ म्हणजे चोरी. दानपेटीचंही तसंच: विश्वस्त ती उघडतात, चोर फोडतात. म्हणून लिहिताना ‘मुलीने मातीचा गल्ला फोडला’ असं स्पष्ट लिहावं.

न फोडता काढण्याला वेगळं क्रियापद लागत नाही. ‘गल्ल्यातून नाणी काढली’ किंवा ‘पाडली’ पुरे. ‘पाडली’ मला अधिक नेमकं वाटतं, कारण कृती तशीच आहे. गल्ला नुसता पालथा घालून खुळखुळवला तर नाणी फटीवर आडवी पडतात आणि एकमेकांना अडवतात. बाहेर यायला नाणं कडेवर उभं आणि फटीच्या रेषेत हवं. शिवाय ओल्या मातीत बाहेरून काप घेताना माती आत ढकलली जाते. भाजल्यावर ती कड टणक होते आणि नाणं तिला अडतं. म्हणून पालथ्या गल्ल्याच्या फटीत बोथट सुरी किंवा पातळ पोलादी पट्टी सरकवून गल्ला किंचित तिरका करतात. नाणी पात्यावर चढतात आणि एकेक करून घसरत खाली येतात. नव्या मालिकेतला 20 मिलिमीटरचा रुपया चटकन येतो, 27 मिलिमीटरचं दहाचं नाणं अडतं. सुरी पिळू नये, फटीची कड टवकते. घडी घालून टाकलेली नोट आत उलगडते, ती अशी येत नाही.

मग फोडणंच उरतं. जाड फडक्यात गुंडाळून बत्त्याने पोटावर हलके ठोके द्यावेत. जमिनीवर आपटला तर नाणी कपाटाखाली जातात आणि खापरांचे तुकडे पायात घुसतात. ते ‘खापर’ म्हणजे दुसऱ्याच्या माथी फोडतात तेच!

मूळ शब्द अरबी-फारसीतला ‘गल्ला’, म्हणजे धान्य, पीक, उत्पन्न. पुढे तो रोकडीकडे आणि रोकडीच्या भांड्याकडे वळला. ‘गल्लाभरू सिनेमा’ म्हणताना डोळ्यांपुढे असतो तो हाच, तिकीटखिडकीवरचा गल्ला.